आधी मातीचा हिशोब, मग सतरावा होल

प्रश्न असा आहे: फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या गोल्फ क्लबच्या स्टेडियम कोर्समधून पाण्यातल्या बेटावरचा सतरावा होल (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एक) वगळला, तर उरतं काय? दलदलीची सपाट जागा मुद्दाम का घेतली? १९८२ मध्ये, तिथल्या पहिल्या स्पर्धेत, खेळाडू एवढे का भडकले? आणि 'स्पर्धेसाठी बांधलेलं मैदान' नेहमीच्या क्लबच्या मैदानाहून नेमकं कशात वेगळं असतं?

प्रश्न चार दिसतात, पण मुळाशी एकच आहे. सतरावा होल हा मैदानाचा कळस आहे असं धरून बाकीच्याकडे पाहिलं की सगळंच सजावटीसारखं वाटू लागतं. माझ्या मते तिथली सुरुवात खोदाईपासून होते. पाणी उपसायचं होतं, प्रेक्षकांना उंचीवर बसवायचं होतं आणि फेअरवेवर, म्हणजे होलच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, वाळू घालायची होती. ही तिन्ही कामं एकाच मातीने केली. त्या व्यवहारात जो खड्डा उरला, त्यात सतरावा होल बसला. या क्रमाने पाहिलं तर बाकीच्या शंका बऱ्याच सुटतात.

आधी थोडा इतिहास. डीन बीमन १९७४ मध्ये पीजीए टूरचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचा, आयुक्त झाला. त्याच वर्षी टूरने स्वतःची मोठी स्पर्धा सुरू केली, टूर्नामेंट प्लेयर्स चॅम्पियनशिप (१९८८ पासून नुसतं प्लेयर्स चॅम्पियनशिप). पहिली अटलांटा कंट्री क्लबवर झाली आणि जॅक निकलसने जिंकली. पुढच्या वर्षी ती टेक्ससमध्ये कलोनियलला गेली, त्यानंतर फ्लोरिडात इन्व्हररीला आणि १९७७ ते १९८१ सॉग्रास कंट्री क्लबवर. थोडक्यात, स्पर्धा टूरची आणि मैदान दरवेळी दुसऱ्याचं. यजमान क्लबकडे पार्किंग किती, दोर कुठे बांधायचे, कॅमेऱ्याचे मनोरे कुठे उभे करायचे, हे सगळं दुसऱ्याच्या अंगणात मांडव घातल्यासारखं चालायचं. बीमनला स्वतःची जागा हवी होती. सॉग्रास कंट्री क्लब विकत घ्यायचा त्याचा बेत फसला, तेव्हा पॉन्टे वेड्रा बीचमध्ये त्याच रस्त्याच्या पलीकडची ४१५ एकर जमीन फ्लेचर बंधूंकडून मिळाली. किंमत एक डॉलर. यात धर्मादाय काही नव्हतं. मैदान झालं की भोवतालच्या जमिनीचे भाव चढणार, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे 'दलदल का निवडली' याचं पहिलं उत्तर साधं आहे: ती परवडली. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. सपाट जागेत उतार, टेकडी, ओढा असं आयतं काहीच नसतं, त्यामुळे प्रेक्षक कुठे बसणार हे आधी ठरवून खेळ त्याभोवती आखता येतो. डोंगराळ जागेत हे उलटं होतं. तिथे होल जमिनीने सुचवलेल्या वाटेने जातात आणि प्रेक्षकांना उरलेल्या जागेत कोंबावं लागतं. आखणीचं काम पीट डाय या मैदान-रचनाकाराकडे गेलं. त्याच्याबरोबर त्याची बायको ॲलिस डाय होती. ती स्वतः अव्वल हौशी खेळाडू होती आणि गोल्फ मैदानांच्या रचनाकार म्हणूनही तिचं नाव तितकंच मोठं. मैदान १९८० च्या ऑक्टोबरात उघडलं आणि १९८२ पासून स्पर्धा तिथेच होते.

आता माती. समुद्राजवळच्या अशा जागेत भूजल जमिनीखाली हातभरावर असतं. वर पानापाचोळ्याचा काळा, सेंद्रिय गाळ आणि त्याखाली कमी-जास्त खोलीवर वाळू. अशा जागेचा आराखडा हातात आला की पहिली नजर होलच्या रांगांकडे जात नाही, पाण्याच्या पातळ्यांकडे जाते: तळ्याचं नेहमीचं पाणी किती उंचीवर राहणार, मोठ्या पावसात ते किती चढणार, आणि फेअरवेचा सगळ्यात खालचा बिंदू त्याच्या किती वर आहे. फेअरवेची पातळी तळ्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा निदान मीटरभर वर नसेल तर निचऱ्याच्या नळ्या घालून उपयोग नाही, कारण नळीतलं पाणी जाणार कुठे? जमीन वर उचलायची, तर माती हवी. बाहेरून आणली तर खर्च हाताबाहेर जातो. म्हणून ती जागेवरच खोदायची, आणि जिथून खोदली तिथे तळं होऊ द्यायचं.

हिशोब कसा चालतो ते आकड्यांत पाहू. आकडे सॉग्रासचे नाहीत, पण पद्धत तीच. एक हेक्टरचं तळं तीन मीटर खोल खोदलं तर ३०,००० घनमीटर माल निघतो. वरचा गाळ आणि चिकण भाग भरावाला चालत नाही. साठ टक्के माल कामाचा धरला तर हाती १८,००० घनमीटर. आता प्रेक्षकांसाठी एक बांध घ्या: उंची ५ मीटर, माथा ३ मीटर रुंद, खेळाच्या बाजूला १:४ उतार, मागे १:३. त्याचा छेद भरतो सुमारे १०२ चौरस मीटर. लांबी १५० मीटर धरली तर १५,४०० घनमीटर. दाबल्यावर वाळू १०-१५ टक्के बसते, म्हणजे खोदताना १७,००० च्या वर लागणार. एक हेक्टर तळं आणि एका होलच्या एका बाजूचा बांध, संपला हिशोब. ग्रीन (होलच्या शेवटचं, छिद्राभोवतीचं बारीक कापलेलं गवत) उचलायला, टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) उचलायला, फेअरवेवर वाळू पसरायला पुढचं तळं खोदा. सॉग्रासला जवळपास प्रत्येक होलवर पाणी का दिसतं, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. डायला पाण्याची हौस होती हे खरं, पण ती नसती तरी पाणी आलंच असतं.

बांधाचे उतारही कुणाच्या लहरीवर ठरत नाहीत. १:४ उतारावर माणसं १.२ मीटरच्या अंतराने रांगेत बसली तर प्रत्येक रांग पुढच्यापेक्षा ३० सेंटिमीटर वर येते. पुढच्याच्या डोक्यावरून चेंडू दिसायला तेवढं पुरतं. उतार याहून सपाट केला तर बांध पसरतो, माती जास्त खातो आणि प्रेक्षक खेळापासून लांब जातो. १:३ च्या पुढे चढ नेला तर गवत कापायचं यंत्र धोक्यात येतं आणि ओल्या सकाळी माणसं घसरतात. नव्या बांधकामात चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. काळा गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न बांधाच्या पोटात भरून सोडवतात. गाळ कुजत, आकसत जातो, दोन-चार वर्षांत माथा खचतो आणि मधोमध पाण्याची डबकी दिसू लागतात. बांधाचं एक वेळ चालेल, पण ग्रीनखाली तसा गाळ राहिला तर पृष्ठभागावरचे सगळे उतार बिघडतात. ग्रीनखालचा गाळ घट्ट थर लागेपर्यंत काढावाच लागतो.

प्रेक्षकांचा विचार करून आखलेलं हेच पहिलं मैदान, असं अनेकदा लिहिलं जातं. ते तितकंसं बरोबर नाही. ऑगस्टा नॅशनल या मैदानावर प्रेक्षकांसाठी उंचवटे आधीपासून होते, आणि निकलसने कॅनडात ओकव्हिलला आखलेलं, १९७६ चं ग्लेन ॲबी तर प्रेक्षकांना मधल्या भागातून चाकाच्या आऱ्यांसारखं सगळीकडे पोचता यावं म्हणूनच तसं मांडलेलं आहे. सॉग्रासला नवीन होतं ते प्रमाण: बांध आधी आणि होल त्यांच्या आत, अशी जवळपास सगळ्या मैदानाची मांडणी. 'स्टेडियम' हे नाव त्यामुळे चिकटलं.

सतराव्या होलचं घ्या. मूळ आराखड्यात तिथे बेट नव्हतं. एका बाजूला लहानसं तळं असलेलं साधं ग्रीन होतं. पण त्या ठिकाणी चांगली वाळू लागली, आणि बाकी मैदानाला वाळूची भूक होती. खोदणारे खोदत गेले. होता होता ग्रीनच्या जागेभोवती मोठा खड्डा झाला आणि होल बसवायला जमीनच उरली नाही. तेव्हा ॲलिसने सुचवलं की पाणी चहूकडे येऊ द्या, ग्रीनचं बेट करा. कल्पना अगदीच नवी नव्हती. काही मैलांवरच्या पॉन्टे वेड्रा क्लबच्या ओशन कोर्सचा नववा होल त्याच्या कितीतरी आधीपासून बेटावर आहे. फरक जागेचा. सॉग्रासला हा होल शेवटून दुसरा आहे, त्याच्या आधी दोन फटक्यांत गाठता येणारा पार पाच (पाच फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला होल) आणि नंतर डावीकडे सलग पाणी असलेला अठरावा.

बांधकामाच्या अंगाने बेट हे दिसतं त्यापेक्षा कटकटीचं काम आहे. कडेला उभे लाकडी स्लीपर, ही डायची ओळख. ती त्याने आणि ॲलिसने १९६३ मध्ये स्कॉटलंडची मैदानं पाहिली तिथून आली. तिथे प्रेस्टविकला बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) भिंतींना रेल्वेचे स्लीपर आहेत. लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेलं असेल तर टिकतं, हवेत असेल तरी बरंच टिकतं. ते सडतं पाण्याच्या रेषेवर, जिथे रोज ओलं-कोरडं होतं. त्यामुळे तळ्याची पातळी सांडव्याने स्थिर ठेवणं हा देखाव्याचा भाग नाही, भिंतीच्या आयुष्याचा आहे. स्लीपरच्या मागे गाळणीचं कापड नसेल तर लाटा फटींतून वाळू चोरतात. वरून गवत जसंच्या तसं दिसतं आणि एक दिवस काठालगत पाय खाली जातो.

दुसरी अडचण निचऱ्याची. ग्रीनखालच्या खडीच्या थरातून नळ्या बाहेर काढाव्या लागतात आणि त्यांचं तोंड तळ्याच्या पुराच्या पातळीच्या वर असायलाच हवं. ते खाली राहिलं तर पावसात तळंच उलटं ग्रीनच्या पोटात शिरतं. शिवाय खत-औषधाचं पाणी सरळ तळ्यात सोडलं की शेवाळ माजतं, म्हणून ते जोडरस्त्याखालून जमिनीकडे नेणं बरं. आत यायला अरुंद अशी एकच वाट असल्याने माणसं, यंत्रं, पाण्याच्या नळ्या, विजेच्या तारा सगळं तिथूनच जातं. वाटेच्या तोंडाशी गवत कायम तुडवलेलं असतं. दुसरीकडे बेट-ग्रीन करायचा मोह होणाऱ्यांनी या बाबींचा वार्षिक खर्च आधी मांडावा. बहुतेक ठिकाणी तीन बाजूंना पाणी आणि एक बाजू जमिनीला जोडलेली, एवढ्यावर तोच परिणाम निम्म्या त्रासात मिळतो.

खेळाच्या दृष्टीने हा होल अवघड आहे का? अंतर १३७ यार्ड, म्हणजे १२५ मीटर. व्यावसायिक खेळाडूच्या हातात आठ-नऊ नंबरचं आयर्न किंवा वेज (आखूड पल्ल्याच्या काठ्या) असतं. वारा नसेल तर त्यांच्यासाठी तो सोपा फटका आहे, आणि एकूण सरासरी पारच्या किंचितच वर राहते. वारा असला की चित्र पालटतं. चहूबाजूंच्या बांधांमुळे आणि स्टँडमुळे टीवर जाणवणारा वारा आणि ३० मीटर उंचीवरचा वारा वेगळे असतात. २००७ मध्ये पहिल्याच दिवशी इथे ५० चेंडू पाण्यात गेले. त्याच वर्षी शेवटच्या दिवशी फिल मिकेलसनच्या मागे दोन फटक्यांवर असलेल्या शॉन ओ'हेअरने इथे दोन चेंडू बुडवून सात फटके घेतले. १९९८ मध्ये जेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या लेन मॅटिएसने आठ घेतले, २००५ च्या तिसऱ्या फेरीत बॉब ट्वेने बारा. उलट २०१५ मध्ये रिकी फाउलरने शेवटच्या दिवशी, प्लेऑफ (बरोबरी सोडवायला खेळलेले जादा होल) धरून, हा होल तीनदा खेळला आणि तिन्ही वेळा बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. सरासरी जवळपास पारला आणि टोकं मात्र दूर दूर, हाच या होलचा स्वभाव. इतर अवघड होलवर चूक झाली तर एक फटका जातो, इथे निदान दोन.

ग्रीनचं क्षेत्र सुमारे ३,९०० चौरस फूट, म्हणजे ३६० चौरस मीटर. ऐकायला बरं वाटतं, पण पिन (छिद्रातला झेंडा) लावायला यातलं किती मिळतं? सोयीसाठी ग्रीन गोल धरा: त्रिज्या १०.७ मीटर. काठापासून चार पावलं, म्हणजे साधारण साडेतीन मीटर, सोडायचे हा सर्वसाधारण संकेत. उरली ७.२ मीटर त्रिज्या, १६० च्या आसपास चौरस मीटर. निम्म्याहून कमी. त्यातून चढाचे पट्टे वजा करा. आता चार दिवसांच्या चार पिन, सरावाचे दिवस वेगळे, आणि छोट्या आयर्नने उंचावरून पडणाऱ्या चेंडूंचे खळगे इतर ग्रीनपेक्षा जास्त. म्हणूनच शेवटच्या दिवसाची उजवीकडची जागा आधीच्या दिवसांत जपावी लागते. ती जागा कायमची ठरलेली दिसते त्यामागे परंपरा आहे, तशी ही गरजही आहे.

यावरून १९८२ च्या रागाकडे येता येतं. पहिल्या स्पर्धेत जेरी पेटने शेवटचे दोन्ही होल बर्डी करून जिंकलं आणि बीमन व डाय या दोघांना अठराव्याच्या तळ्यात ढकलून स्वतःही उडी मारली. ते चित्र सगळ्यांना आठवतं. पण त्याआधी आठवडाभर खेळाडू कुरकुरत होते. निकलसचा शेरा प्रसिद्ध आहे: पाच नंबरच्या आयर्नने मोटारीच्या बॉनेटवर चेंडू थांबवणं आपल्याला कधी जमलं नाही, असा त्याचा रोख. हा राग निव्वळ अहंकाराचा नव्हता. त्यात दोन वेगळी कारणं मिसळलेली होती आणि ती सुटी केली तरच प्रकार समजतो.

पहिलं कारण वयाचं. वाळूवर केलेलं नवं ग्रीन सुरुवातीला कडक असतं. गवताच्या मुळा-खोडांची जी मऊ गादी चेंडूला झेलते, ती तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. ही तक्रार काळ आपोआप मिटवतो. दुसरं कारण आकाराचं, आणि ते काळाने मिटत नाही. डायने ग्रीन लहान लहान खणांत विभागली होती आणि खणांच्या कडा बाहेरच्या बाजूला ढळत्या होत्या. पाच यार्ड चुकलेला फटका वीस यार्ड लांब जाऊन थांबायचा. खण कडक असताना तिथे चेंडू धरत नाही, मग चांगल्या आणि बऱ्या फटक्यातला फरकच पुसला जातो. पुढच्या काही वर्षांत ग्रीन टप्प्याटप्प्याने सौम्य करण्यात आली. माझ्या मते खेळाडूंचं म्हणणं यात बरोबर होतं. डायने आखलेले फटक्यांचे कोन बरोबर होते, ग्रीनच्या कडा चुकल्या होत्या.

वेगाचा मुद्दाही यातच येतो. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. ३६ इंची पन्हळीत वरच्या खाचेत चेंडू ठेवायचा, एक टोक जमिनीवरून सुमारे २० अंशांपर्यंत उचललं की चेंडू आपोआप सुटतो, तो किती फूट गेला ते मोजायचं. एकाच दिशेने मोजून चालत नाही, उलटही मोजून सरासरी काढतात. आठ-नऊ फुटांच्या वेगावर तीन-साडेतीन टक्के उतारावर पिन चालून जाते. स्पर्धेचा वेग आता बारा-तेरा असतो आणि तिथे दोन-अडीच टक्क्यांच्या पुढे हात आखडतो. याचा अर्थ, वेग वाढवला की ग्रीन न कापता लहान होतं. जुन्या मैदानांची ग्रीन पुन्हा पुन्हा उकरली जातात याला लोक नव्या रचनाकारांची खुमखुमी म्हणतात. बहुतेक वेळा कारण गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात असतं.

इथवरचं एका वाक्यात: पाण्यासाठी खोदलं, मातीचे बांध झाले, वाळूच्या खड्ड्यात सतरावा आला, आणि ग्रीनच्या कडा पहिल्या काही वर्षांत सुधारल्या. आता सुरुवातीच्या शेवटच्या प्रश्नाचा गाभा, स्पर्धेचं मैदान वेगळं कशात.

क्लबच्या मैदानावर चुकलेला फटका सापडावा, खेळ पुढे सरकावा, एवढं पुरतं. स्पर्धेच्या मैदानाला दीडशेच्या आसपास तरबेज खेळाडूंमध्ये फरक दाखवायचा असतो, आणि तोही कुठल्या एका जातीच्या खेळाडूला झुकतं माप न देता. डायचं साधन तिरका कोन. अठरावा होल पाहा: ४६२ यार्ड, पार चार, डावीकडे टीपासून ग्रीनपर्यंत पाणी, आणि फेअरवे त्या पाण्याभोवती वळत जातो. पाण्याला चिकटून मारलं तर पुढचा फटका आखूड आणि कोन मोकळा. उजवीकडे पळालात तर बुडत नाही, पण झाडं, उंचवटे आणि लांबचं आयर्न, तेही पाण्याकडे तोंड करून. किती पाणी ओलांडायचं हे टीवर प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. सरळ आडवं पाणी असतं तर एकच प्रश्न उरला असता, पल्ला आहे की नाही. तिरक्या पाण्यात दिशा, पल्ला आणि चेंडूचं वळण, तिन्ही लागतात.

सोळाव्याचं तसंच. ५२३ यार्डांचा पार पाच, आजच्या खेळाडूला दोन फटक्यांत सहज गाठता येतो, पण ग्रीनच्या उजवीकडे पाणी. तिथे धोका पत्करून वाचवलेला फटका पुढच्या होलवर गमवावा लागू शकतो, हे डोक्यात ठेवूनच तिथला निर्णय होतो. शेवटचे तीन होल तोडून वेगवेगळे पाहू नयेत.

होलची रांगही तशीच लावली आहे. लागोपाठचे होल एकाच दिशेला जात नाहीत, त्यामुळे वारा सतत बाजू बदलतो. काही होल डावीकडे वळणारा फटका मागतात, काही उजवीकडे. याचा निकाल विजेत्यांच्या यादीत दिसतो. टायगर वुड्सने २००१ आणि २०१३ मध्ये इथे जिंकलं, आणि लागोपाठ दोनदा जिंकणारा पहिला खेळाडू, स्कॉटी शेफलर (२०२३, २०२४), लांबही मारतो. पण २००५ मध्ये ४८ वर्षांचा फ्रेड फंक जिंकला आणि २०१० मध्ये टिम क्लार्क, दोघेही टूरवरच्या आखूड मारणाऱ्यांत. केवळ लांबी वाढवून अवघड केलेल्या मैदानावर अशी यादी सहसा दिसत नाही. सॉग्रास ७,२०० ते ७,३५० यार्डांच्या दरम्यान खेळवलं जातं. आजच्या मानाने ते आखूडच म्हणायचं.

२००६ ची दुरुस्ती लोक विसरतात आणि माझ्या लेखी ती मैदानाच्या इतिहासातली सतराव्या होलइतकीच मोठी गोष्ट आहे. पंचवीस वर्षांत फेअरवेवर सेंद्रिय थर साचला होता. पाऊस पडला की जमीन मऊ, चेंडू पडेल तिथे थांबायचा. चेंडू पळाला नाही तर तिरक्या कोनांना अर्थ राहत नाही, कारण चुकीच्या बाजूला पडलेला चेंडू चुकीच्या बाजूला पळतच नाही. त्या वर्षीची स्पर्धा आटोपल्यावर मैदान बंद करून वरचा थर खरवडला, फेअरवेवर वाळूचा थर दिला आणि ग्रीन नव्याने बांधली.

ग्रीनची बांधणी कशी असते ते थोडक्यात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची, यूएसजीएची, शिफारस १९६० पासून आहे. तळाला १०० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, पाच मीटरपेक्षा दूर नाहीत, निदान अर्धा टक्का उताराने. त्यावर १०० मिलिमीटर खडी, त्यावर ३०० मिलिमीटर वाळूचं मिश्रण. खडी आणि वाळूच्या कणांचं प्रमाण जुळलं तर वाळू खडीत उतरत नाही आणि पाणी थरांच्या सीमेवर काही काळ अडून राहतं, मुळांना मिळतं. जास्त झालं की एकदम सुटतं. बिघाड होतो तो बहुतेक जाडीत. एका ठिकाणी २५० आणि दुसरीकडे ३५० मिलिमीटर झालं तर पातळ जागा ओली राहते आणि जाड जागा करपते, आणि माळी वर्षानुवर्षं पाणी कमी-जास्त करत बसतो. वाळूची जाडी टोकदार सळईने ठिकठिकाणी तपासायची, आणि तेही गवत लावायच्या आधी.

सॉग्रासला या नळ्यांना सबएअर यंत्रणा जोडली. पंप उलटा चालवला की पाणी खेचून घेतो, सुलटा चालवला की मुळांना हवा देतो. पावसानंतर काही तासांत ग्रीन पुन्हा घट्ट करता येतं. मात्र नळी कुठे चोंदली किंवा सांध्यात हवा गळली तर ओढ ग्रीनच्या एकाच भागावर पडते. म्हणून ती यंत्रणा नीट निचऱ्याच्या वर घालायची भर आहे. निचराच नसेल तिथे ती काही करू शकत नाही.

२०१६ च्या स्पर्धेनंतर पुन्हा काम झालं. बारावा होल टीवरून एका फटक्यात गाठता येईल असा सुमारे ३०० यार्डांचा पार चार केला, डावीकडे पाणी दिलं, आणि सहाव्या-सातव्याच्या मध्ये नवं तळं आलं. बाराव्याबद्दल मी अजून साशंक आहे. असा होल तेव्हाच रंगतो जेव्हा टीवरून थेट ग्रीनवर न मारणाऱ्यालाही बर्डीची खरी संधी असते आणि मारणाऱ्याला खरी भीती. दोन्हींतलं एक कमी पडलं की सगळे एकच काही तरी करतात.

परिस्थितीवर अवलंबून काय, हेही सांगायला हवं: महिना. स्पर्धा पूर्वी मार्चमध्ये होती, २००७ मध्ये मे महिन्यात गेली, २०१९ पासून पुन्हा मार्चमध्ये आली. कारण टूरच्या वेळापत्रकाचं, पण परिणाम गवतावर. उत्तर फ्लोरिडात हिवाळ्यात बर्म्युडा गवत झोपतं, तपकिरी पडतं. मार्चला हिरवं हवं तर शरद ऋतूत त्यावर रायग्रास पेरावं लागतं, फेअरवेवर हेक्टरी ४०० ते ५०० किलो बी. रायला पाणी जास्त लागतं, ते उभं वाढतं, चेंडू त्यावर छान बसतो आणि कमी पळतो. रफ (फेअरवेच्या कडेचं वाढू दिलेलं गवत) मात्र दाट, चिकट होतो. वाराही गार, आणि गार हवेत चेंडू आखूड जातो. मे महिन्यात नुसतं बर्म्युडा, उन्हाने तापलेलं, कडक. चेंडू पडून वीस-तीस यार्ड पळतो आणि उतार त्याला कडेच्या पाण्यापर्यंत नेतो.

मैदान डायच्या डोक्यात होतं तसं मला मे महिन्यात जास्त दिसतं. मार्चमध्ये फटके जास्त हवेत खेळले जातात आणि फेअरवेची चुकीची बाजू पूर्वीइतकी महाग पडत नाही. मार्चची बाजू घेणारे म्हणतात की उत्तरेकडून येणारा वारा ती कसर भरून काढतो, विशेषतः सतराव्यावर आणि अठराव्यावर. कुठलाही एक निकाल पाहून मैदान सोपं झालं की अवघड, हे ठरवण्याआधी तो कुठल्या महिन्याचा आहे आणि त्या दिवशी वारा कुठून होता, एवढं तरी पाहा.